‘कर्स ऑफ स्ट्राड’ : काही महिने चालवल्यानंतर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथाखेळातली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ही तयार कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एकच कथा) मी सूत्रधार म्हणून चालवतोय; तिचा खलनायक स्ट्राड हा बरोव्हियाच्या दरीवर राज्य करणारा व्हॅम्पायर. परवाच्या सेशनला खेळ मध्येच थांबला. व्हालाकी गावाच्या वाटेवर स्ट्राडने पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला गाठलं, त्यातल्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) जवळजवळ लोळवलं आणि निघून गेला. क्लेरिक (पुजारी) खेळणारी मैत्रीण वैतागून म्हणाली, "हा आपल्याला एका रात्रीत संपवू शकतो. मग सोडतोय कशाला?" सर्वशक्तिमान राजा असलेली कुठलीही कॅम्पेन या प्रश्नावर तरते किंवा बुडते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पुस्तक २०१६चं, १९८३च्या मूळ ‘रेव्हनलॉफ्ट’ साहसावर बेतलेलं, पात्रांच्या लेव्हल १ ते १० साठीचं, हे सगळ्यांना माहीत असेलच. सुरुवातीला माझा राग स्ट्राडच्या आकड्यांवर होता. १४४ हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो त्याचा आकडा)? अख्ख्या दरीचा मालक आणि एवढंच? सनस्वर्ड ही जादूची तलवार हाती लागलेली पार्टी त्याला तीन-चार राउंडमध्ये आडवा करेल, असं वाटायचं. आकडे वाढवायचे असं मनाशी पक्कं केलं होतं.

आता ते मत राहिलेलं नाही. किल्ल्यात तो भिंतीतून आरपार जातो, वार करून गायब होतो, दर टर्नला, म्हणजे त्याची पाळी आली की, २० हिट पॉइंट्स भरून काढतो. तो समोर उभा राहून लढतच नाही. आणि खरं सांगायचं तर त्याची सत्ता लढाईत दिसतच नाही, ती दिसते बरोव्हिया गावातल्या बिल्ड्राथच्या दुकानात.

या दुकानाबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण मला अख्ख्या पुस्तकात तेच सर्वांत आवडलं. २५ सोन्याच्या नाण्यांपेक्षा स्वस्त तेवढाच माल, तोही दहापट भावाने. पन्नास फूट साधा दोर, नियमाप्रमाणे १ नाणं, इथे १०. हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) तर मिळतच नाही, कारण त्याची मूळ किंमतच ५०. आमच्या लोकांनी घासाघीस करून पाहिली, बिल्ड्राथ हलला नाही. का हलेल? दरीभोवती धुकं आहे. विस्तानी हे भटके लोक सोडले तर बाहेरून काही येत नाही, आत आलेला बाहेर पडत नाही. गावात दुसरं दुकान नाही. दोराचे पैसे मोजताना राजा कोण आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं, तोवर कुणी स्ट्राडचं तोंडही पाहिलं नव्हतं. स्वतःची कॅम्पेन रचणाऱ्यांनी राजाच्या स्टॅट ब्लॉकआधी (लढाईच्या आकड्यांआधी) बाजारभाव लिहावेत, असं मला मनापासून वाटतं.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तरही पुस्तकात आहे, फक्त विखुरलेलं. स्ट्राडला बरोव्हिया गावातली तरुणी इरीना हवी आहे, व्हॅन रिक्टन या व्हॅम्पायर-शिकाऱ्याचा शोध घ्यायचा आहे आणि स्वतःला वारस किंवा जोडीदार हवा आहे. पार्टी मेली तर त्याचाच तोटा. शिवाय त्याला सगळं आपोआप कळत नाही, हेर येऊन सांगतात तेव्हा कळतं. मी एका वहीत ‘त्याला काय माहीत आहे’ एवढंच लिहून ठेवतो. पार्टीने पाळतीवरचे लांडगे मारले की त्या रात्रीचं पान कोरं. या वहीमुळे राजा पटायला लागला. पुढच्या सेशनला त्याचं जेवणाचं आमंत्रण आलं तेव्हा "का सोडलं" हे कुणी विचारलं नाही. आता जायचं की नाही यावर वाद सुरू आहे.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे: ही माहिती एका जागी हवी होती. सेशन चालू असताना पानं उलटत बसावं लागतं.

खर्चाचं म्हणाल तर २०२०चा टारोकाच्या (कथेत भविष्य सांगायला लागणाऱ्या) पत्त्यांसकटचा बॉक्स मी घेतला नाही, गरजही पडली नाही. पुस्तकातच सोय दिली आहे: साधा पत्त्यांचा कॅट घ्या, एक्का ते दश्शी एका गड्डीत, चित्रं आणि दोन जोकर दुसऱ्या गड्डीत. इस्पिक म्हणजे तलवारी, बदाम म्हणजे ग्लिफ्स, किलवर म्हणजे तारे, चौकट म्हणजे नाणी. घरातल्या जुन्या कॅटवर विस्तानी भविष्यवेत्ती मादाम इव्हाचं भविष्य झकास वठलं.