फॅन बेल्ट बदलायला गेलो आणि डायनॅमो गमावून आलो

माझ्याकडे १९६५ ची एमजीबी आहे, दोन सीटची उघडी गाडी, १७९८ सीसीचं इंजिन. हे मॉडेल १९६२ ते १९८० एवढी वर्षं निघालं, त्यामुळे पार्ट मिळतात, आणि जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये शिकायला सोपी म्हणतात ती हीच. तरी मी फसलो, आणि तेही फॅन बेल्टसारख्या (इंजिनच्या जोरावर पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो फिरवणारा पट्टा) फालतू कामात. अर्ध्या तासाचं काम, दोन पाने (स्पॅनर) लागतात. लिहितोय ते एवढ्यासाठीच की नुकतीच जुनी गाडी घेतलेल्या कोणाला तरी उपयोग होईल.

झालं असं की सकाळी गाडी चालू केली की पुढून किंचाळल्यासारखा आवाज यायचा, अर्ध्या मिनिटाने आपोआप बंद व्हायचा. आता माहीत आहे की स्टार्ट मारल्यावर बॅटरी जरा उतरलेली असते, डायनॅमोवर, म्हणजे गाडी चालू असताना वीज बनवून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रावर, लोड येतो, बेल्ट ढिला असला की पुलीवर घसरतो आणि ओरडतो. बस. तेव्हा मात्र मला वाटलं इंजिनच गेलं. एकाने एका गॅरेजचं सांगितलं, "जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट आहे", गेलो.

त्याने बोनेट उघडलं, गाडी चालू ठेवायला सांगितली आणि मीटरकडे बोट दाखवलं. "बघा साहेब, लाल लाइट. डायनॅमो गेला." खरंच आयडलिंगला लाल दिवा मंद पेटत होता. मी रोज बघत होतो तो दिवा पण कधी लक्षच दिलं नव्हतं. मग म्हणाला ह्या गाड्यांचं वायरिंग उलटं असतं, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं), कोणी हात लावत नाही, बॅटऱ्यापण सीटच्या मागे दोन ६-६ व्होल्टच्या, तुम्ही दुसरीकडे नेली असती तर जाळून ठेवली असती. प्रत्येक वाक्य खरं होतं हो! पॉझिटिव्ह अर्थ खरं, दोन बॅटऱ्या खरं. फक्त त्यातून जो निष्कर्ष काढला तो थापा. पण मी घाबरलो आणि म्हटलं करा काय ते.

लाल दिव्याचं नीट सांगतो कारण सगळी फसवणूक तिथूनच सुरू झाली. डायनॅमोवाल्या गाडीत इंजिन हळू फिरत असताना डायनॅमो बॅटरीइतके व्होल्ट काढूच शकत नाही, कंट्रोल बॉक्समधला कटआउट (डायनॅमो आणि बॅटरी जोडणारा आपोआप चालणारा स्विच) उघडा राहतो, आणि दिवा मंद पेटतो किंवा लुकलुकतो. अॅक्सिलरेटर जरासा दाबला की विझतो. हे नॉर्मल आहे. अल्टरनेटरवाल्या (डायनॅमोच्या जागी आलेलं नवं यंत्र) गाडीची सवय असलेल्याला हे भीतीदायक वाटतं. त्याने एकदाही अॅक्सिलरेटर दाबला नाही, आणि मी पण दाबला नाही, हे नंतर आठवून स्वतःचीच लाज वाटली. डायनॅमो खरंच मेलाय का बघायचं तर त्याच्या दोन्ही वायरी काढायच्या, डी आणि एफ हे दोन टर्मिनल एकमेकांना जोडायचे, मीटरचं एक टोक तिथे आणि एक बॉडीला, आणि इंजिन अगदी हळूहळू वाढवायचं. व्होल्ट भराभर चढले तर डायनॅमो जिवंत (२० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत, इंजिन रेस करायचं नाही). दोन मिनिटांची टेस्ट, कोणी केली नाही.

आठवड्याने गाडी मिळाली. बिलात नवीन बेल्ट, डायनॅमो रिबिल्ड (खोलून आतून नवा करणं), रेग्युलेटर (डायनॅमोचे व्होल्ट आवरणारा भाग) सेटिंग, मजुरी. डायनॅमो काळ्याकुळकुळीत रंगात चमकत होता, मला तर तेच बघून बरं वाटलं. जुना बेल्ट मागितला तर "फेकला साहेब, तुकडे झाले होते". ओरडणं बंद झालं होतं. खूश होऊन घरी आलो.

तीन आठवड्यांत पुढून दुसराच आवाज सुरू झाला, जात्यात खडे घातल्यासारखा, आणि खाली पाण्याचे थेंब. परत त्याच्याकडे. "वॉटर पंप गेला, वय झालं त्याचं." पंप बदलला, परत बिल. हे पण भरलं मी.

डोळे उघडले ते आमच्या ओळखीतल्या एका काकांमुळे, आयुष्यभर फिटर म्हणून काम केलेला माणूस. सहज गाडी बघायला आले होते, बोनेट उघडलं, अंगठा बेल्टवर ठेवून दाबला आणि म्हणाले, "अरे हा बेल्ट आहे का तानपुऱ्याची तार?" हललाच नाही. एमजीबीला सगळ्यात लांब बाजूच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण अर्धा इंच म्हणजे १३ मिलिमीटर खाली जायला पाहिजे. जास्त ताणला तर सगळा ओढा वॉटर पंपाच्या बेअरिंगवर आणि डायनॅमोच्या बेअरिंगवर येतो. पंप वयाने नाही गेला, बेल्टने मारला. आणि नवीन पंप पण त्याच बेल्टवर चालू होता!

मग काकांनी टॉर्च मागितला. डायनॅमोखाली एक वक्र पट्टी असते, तिला लांबट खाच, त्यातून बोल्ट सरकवून ताण कमी-जास्त करतात. बोल्ट खाचेच्या अगदी आतल्या टोकाला, इंजिनच्या बाजूला टेकलेला. म्हणजे ढिला करायला जागाच नाही, बेल्टच आखूड. बसत नव्हता म्हणून स्क्रू ड्रायव्हरने ओढून पुलीवर चढवलेला, पुलीच्या कडेवर चकचकीत ओरखडे आणि बेल्टच्या कडेचे धागे निघालेले. बेल्टवर १० आणि त्यापुढे लांबीचा आकडा असतो, १० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. रुंदी बरोबर होती, लांबी चुकीची. हाताशी जो होता तो लावला.

बोल्टची डोकी पण गोल झालेली. ह्या गाडीला इंची पाने लागतात, तिथे अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. गॅरेजवाल्याने १३ चा लावला असणार, बसतो, पण ढिला बसतो आणि कोपरे खातो. स्पेशालिस्ट म्हणे.

त्याच दिवशी काकांनी मला समोर बसवून काम करून घेतलं, म्हणाले आता बघायचं नाही, करायचं. डायनॅमोच्या वरचे दोन बोल्ट ढिले, खालच्या पट्टीचे दोन्हीकडचे ढिले (मी एकच केला आणि मग हलत का नाही म्हणून दहा मिनिटं शिव्या दिल्या), डायनॅमो इंजिनकडे ढकलला की बेल्ट सुटतो. फॅनच्या एकेका पात्यावरून तो काढायचा, रेडिएटर अगदी जवळ आहे, बोटांची सालं निघतात, ते निघणारच. बेल्ट काढल्यावर काकांनी पंप आणि डायनॅमो दोन्हींच्या पुल्या हाताने फिरवायला लावल्या. पंप गुळगुळीत. डायनॅमोत किंचित खरखर, आणि पुली धरून हलवली तर चक्क खेळ होता, म्हणजे ढिली डुगडुगत होती. रिबिल्ड केलेल्या डायनॅमोत!

योग्य लांबीचा बेल्ट पात्यांवरून परत आत घेतला, आधी खालच्या, इंजिनच्या पुलीवर, मग पंपावर, शेवटी डायनॅमोवर. ताण देताना डायनॅमोच्या पोटाला पहारीने ढकलायचं नाही, पुलीकडच्या टोकाला हाताने ओढायचं, फार तर लाकडाचा तुकडा घ्यायचा. खालचा बोल्ट आधी आवळायचा म्हणजे ताण राहतो, मग वरचे. बेल्ट पुलीच्या तळाला टेकता कामा नये, पकड बाजूंनीच येते. नवीन बेल्ट थोडा ताणतो म्हणून शे-दोनशे किलोमीटरनंतर परत अंगठा लावून बघायचा.

आता डायनॅमो. तो रंग बघून काकांना शंका आली. मागच्या टोकाला तेलाचं बारीक भोक असतं, आतल्या बुशसाठी (दांडा ज्यात फिरतो ती बारीक नळी), ते रंगाने बुजलेलं. रिबिल्ड करणारा ते भोक बुजवेल का? टाचणीने उघडलं. मग बॉडीवरचा शिक्का चिंधीने पुसला. लुकास कंपनीच्या डायनॅमोवर मॉडेल, सी४०, आणि बनवल्याचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. इथे वर्ष होतं ६१. गाडी १९६५ ची. अहो हे मॉडेलच निघालं १९६२ मध्ये. गाडी घेतली तेव्हा हौसेने काढलेले इंजिनचे फोटो मोबाईलमध्ये शोधले, त्यात स्पष्ट दिसतंय, २ ६५. माझा गाडीबरोबरचा ओरिजिनल चालू डायनॅमो त्याने काढून घेतला आणि दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा घासलेला, स्प्रे मारून मला लावला, वर रिबिल्डचे पैसे घेतले. बेल्टचं एक वेळ म्हणेन येत नव्हतं त्याला. हे मात्र ठरवून केलं.

त्यामुळे गाडी कुठेही सोडायच्या आधी डायनॅमो, स्टार्टर, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, ज्याच्यावर म्हणून नंबर आहे त्याचा जवळून फोटो काढा, आणि गॅरेजवाल्यासमोर काढा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत द्यायचा हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. आणि पुढून आवाज येत असेल तर बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून बघा, आवाज गेला तर पंप, डायनॅमो नाहीतर बेल्ट, एवढं तरी घरीच कळतं.

फोटो घेऊन गेलो होतो त्या गॅरेजवाल्याकडे. शांतपणे बघितला, म्हणाला, "साहेब, रंगाच्या आधी घासावा लागतो ना, घासताना आकडा थोडा गेला असेल." मी इतका चक्रावलो की गाडीत येऊन बसलो. घासून ६५ चे ६१ कसे होतात हे विचारायला संध्याकाळी फोन केला, तो उचलला नाही, अजून नाही उचललेला.