फ्लटरच्या विजेट टेस्ट: मराठी अ‍ॅपवर बरेच महिने वापरल्यानंतर

आमचं अ‍ॅप महिला बचत गटांसाठी आहे. बैठकीची हजेरी, महिन्याची बचत, कर्जाचा हप्ता, व्याज या सगळ्या नोंदी गटाच्या सचिव ताई फोनवर करतात आणि सगळे स्क्रीन मराठीत असतात. अ‍ॅप फ्लटर या गूगलच्या साधनात केलं आहे. या स्क्रीनच्या विजेट टेस्ट, म्हणजे स्क्रीन नीट चालतो का हे तपासणारा कोड, आम्ही फ्लटरसोबतच येणाऱ्या 'फ्लटर_टेस्ट' या पॅकेजमध्ये लिहितो. माझं मत आधीच सांगते: विजेट टेस्ट जरूर लिहा, पण पहिल्या दिवसापासून मराठी मजकूर, मराठी फॉन्ट आणि लहान स्क्रीन धरूनच लिहा. आहे त्या सेटिंगवर हिरवी, म्हणजे पास, झालेली टेस्ट मराठी अ‍ॅपबद्दल फारच थोडं सांगते.

आवडलेली गोष्ट म्हणजे वेग. एम्युलेटर (संगणकावरचा नकली फोन) उघडावा लागत नाही, फोन जोडावा लागत नाही. 'पम्पविजेट'नं स्क्रीन उभा करायचा, बटणावर टॅप करायचं, 'पम्प' म्हणून पुढची फ्रेम मागायची आणि काय दिसतंय ते बघायचं. घड्याळही खोटं असतं. ओटीपी पुन्हा मागवायच्या बटणाला ३० सेकंदांचा काउंटडाऊन असेल, तर 'पम्प'ला ३० सेकंद सांगितले की ते लगेच सरतात. त्यामुळे कोड बदलला की टेस्ट चालवून बघायचा कंटाळा येत नाही, आणि माझ्या मते तिथेच निम्मं काम होतं.

आता मराठीचा भाग. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये सापडत नाही.

टेस्टमधला स्क्रीन मुळात ८०० × ६०० लॉजिकल पिक्सेलचा (हे फ्लटरचं मापाचं एकक) असतो, म्हणजे आडवा आणि ऐसपैस. आमच्या ताईंच्या फोनची रुंदी बहुतेक ३६० च्या आसपास. 'थकीत हप्ता भरा' आणि 'पावती पाठवा' ही बटणं ८०० मध्ये शेजारी शेजारी आरामात बसतात, ३६० मध्ये बसत नाहीत. ओळ बाहेर गेली की फ्लटर ओव्हरफ्लोची एरर देतं आणि टेस्ट आपोआप पडते. ही फार मोलाची सोय आहे, पण स्क्रीनचा आकार 'टेस्टर.व्ह्यू'मधून आपणच कमी केला तरच.

मात्र आधी फॉन्टचं बघावं लागतं. टेस्टमध्ये खरा फॉन्ट नसतोच. प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन येतो. लेआउट सगळीकडे सारखा यावा म्हणून केलेली ही सोय इंग्रजीला चालून जाते. मराठीत जोडाक्षर जुळत नाही, वेलांटी आणि रफार यांची उंची मोजली जात नाही, त्यामुळे ओव्हरफ्लो नसेल तिथे दिसतो आणि खरा असेल तिथे सुटू शकतो. उपाय आहे: 'फ्लटर_टेस्ट_कॉन्फिग' या फाइलमध्ये 'फॉन्टलोडर' वापरून अ‍ॅपमधलाच देवनागरी फॉन्ट लोड करायचा. आम्ही 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरतो. हे एकदा केलं की मगच स्क्रीन लहान करा. क्रम उलटा झाला तर खोट्या एररमागे वेळ जातो.

आकड्यांच्या टेस्टसाठी तर मी या पॅकेजची कायमची ऋणी राहीन. आकडे-तारखा त्या त्या भाषेत दाखवणाऱ्या 'इंटल' पॅकेजमध्ये मराठी लोकेल (भाषेचं सेटिंग) दिलं की रक्कम '१,२५०' अशी देवनागरीत दिसते, त्यामुळे इंग्रजी आकडे शोधणारी टेस्ट पडते. ते सोपं आहे. खरा धडा उलट दिशेनं मिळाला. रकमेच्या रकान्यात 'एंटरटेक्स्ट'नं '५००' हे देवनागरीत टाकलं आणि रकाना रिकामाच राहिला! 'डिजिट्सओन्ली' हा फॉर्मॅटर फक्त इंग्रजी आकडे आत सोडतो. तो बदलला तरी पुढे डार्ट या फ्लटरच्या भाषेतलं, मजकुराची संख्या करणारं 'इंट.पार्स' देवनागरी आकडे नाकारतं, म्हणून आधी ते इंग्रजीत बदलून घ्यावे लागतात. मराठी कीबोर्ड लावून पैसे भरणाऱ्या बाईला आपण रकान्यातच अडवतोय, हे एका छोट्या टेस्टनं दाखवलं. मराठी अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकानं ही टेस्ट आजच लिहावी असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक बारीक गोष्ट. 'दुसऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, स्क्रीनवर मजकूर शोधणाऱ्या 'फाइंड.टेक्स्ट'ला वेगळे. म्हणून आम्ही टेस्टमध्ये वाक्य पुन्हा टाइप करत नाही, भाषांतराच्या फाइलमधूनच घेतो. पण भाषांतर राहिलं असेल तर तिथे मूळ इंग्रजी वाक्य येतं आणि टेस्ट तरीही पास होते. त्यामुळे मुख्य स्क्रीनवर कुठे इंग्रजी उरलंय का, याची वेगळी टेस्ट ठेवली आहे.

त्रासाचं म्हणाल तर 'पम्पअँडसेटल', म्हणजे सगळी हालचाल थांबेपर्यंत फ्रेम मागत राहणं. स्क्रीनवर गोल लोडर फिरत असेल तर अ‍ॅनिमेशन कधीच थांबत नाही आणि टाइमआउट येतो. तिथे साधा 'पम्प' वापरा. नेटवर्कवरचे फोटोही येत नाहीत, कारण टेस्टमध्ये प्रत्येक विनंतीला ४०० हा एरर कोडच उत्तर म्हणून मिळतो. गोल्डन टेस्ट, म्हणजे स्क्रीनचं चित्र जुन्या चित्राशी ताडून बघणं, वेलांटी कापली जातेय का हे बघायला उत्तम. पण मॅकवर काढलेलं चित्र लिनक्सवर तंतोतंत जुळत नाही. आम्ही चित्रं फक्त बिल्ड सर्व्हरवरच (जिथे अ‍ॅप तयार होतं त्या एकाच मशीनवर) काढतो, आणि नवीन चित्र मंजूर करण्याआधी ते कोणीतरी वाचायचंच, असा नियम आहे.

टॅप करायची जागा किमान ४८ × ४८ आहे का, बटणाला टॉकबॅकसाठी (अँड्रॉइडमधलं स्क्रीन वाचून दाखवणारं साधन) नाव आहे का, हे 'मीट्सगाइडलाइन'नं एकेका ओळीत तपासता येतं. अक्षरं दुप्पट मोठी करूनही प्रत्येक स्क्रीन चालवा. चष्मा लागलेल्या ताई तेच सेटिंग ठेवतात.

कीबोर्डवर मराठी टाइप करतानाचा अनुभव मात्र या टेस्टना कळत नाही, कारण 'एंटरटेक्स्ट' तयार मजकूर थेट रकान्यात ठेवतं. काना-मात्रा जुळत जाताना कर्सर उडी मारतोय का, सुचवलेला शब्द निवडल्यावर आधीची अक्षरं दोनदा उमटतायत का, हे बघायला प्रत्येक रिलीजआधी आम्ही दोन स्वस्त फोन घेऊन बसतो आणि गटातल्या सगळ्यांची नावं हातानं टाइप करतो.