शिफारसपत्रे सरांची, ईमेल कन्सल्टन्सीचा

नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातून 2023 साली मेकॅनिकलची पदवी घेतल्यावर अमेरिकेत एमएस करायचे ठरले, तेव्हा आमच्या घरात पूर्वी कोणी पासपोर्टसुद्धा काढलेला नसल्यामुळे पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीला 95 हजार रुपये देणे वडिलांना सुरक्षित वाटले. जीआरई या प्रवेशपरीक्षेसाठी 220 डॉलर आधीच गेले होते. आता अर्जात चूक व्हायला नको, एवढाच त्यांचा विचार होता.

पहिल्याच भेटीत तिथल्या समुपदेशकाने माझ्या नावाचा नवा ईमेल उघडला, सगळ्या विद्यापीठांची पोर्टल त्यावरच नोंदवली आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. मी निवडलेली दोन सरकारी विद्यापीठे ‘तुमच्या प्रोफाइलला जमणार नाहीत’ असे सांगून त्याने यादीतून खोडली. त्या जागी त्याने घातलेली विद्यापीठे एजंटांशी करार करणारी आहेत आणि विद्यार्थी दाखल झाला की ती एजंटला कमिशन देतात, हे मला पुढे कळले. अमेरिकेत हे बेकायदा नाही. सरकारी शिष्यवृत्ती व कर्जयोजनांत सहभागी असलेल्या विद्यापीठांना भरतीसाठी असे कमिशन देण्याची मनाई असली, तरी परदेशात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची भरती त्या मनाईतून वगळलेली आहे. मात्र विद्यार्थ्याकडून पैसे घेणाऱ्याने ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवणे मला आजही अप्रामाणिकपणाचे वाटते.

खरा घात शिफारसपत्रांत झाला. विद्यापीठाचे पोर्टल शिफारस देणाऱ्या प्राध्यापकाच्या ईमेलवर लिंक पाठवते आणि पत्र त्यांनी स्वतः तिथे चढवायचे असते. ‘सरांना कशाला त्रास, आम्ही बघतो’ असे म्हणून कन्सल्टन्सीने माझ्याकडून तीन प्राध्यापकांची फक्त नावे आणि पदे लिहून घेतली. पत्राचा मसुदा विद्यार्थ्यानेच न्यायचा आणि सरांनी त्यावर नजर फिरवून सही करायची, ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की मलाही त्यात वावगे वाटले नाही. (तो दोष माझाच.)

फेब्रुवारी 2024 मध्ये विभागप्रमुखांचा फोन आला. “अरे, तुझ्यासाठी मी कधी पत्र दिलं? अमेरिकेतून विचारणा आली आहे,” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला उत्तर सुचले नाही. विद्यापीठाने महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरून सरांचा अधिकृत ईमेल शोधून तिथे खातरजमा केली होती. पत्र मात्र सरांच्या नावाने उघडलेल्या जीमेल खात्यावरून गेले होते. माझा प्रकल्प हीट एक्स्चेंजरवर होता आणि पत्रात सरांनी माझ्या मशीन लर्निंगमधल्या संशोधनाचे कौतुक केले होते!

आठवडाभर भांडून पासवर्ड मिळवला, तेव्हा अर्ज रद्द झाल्याचे पत्र त्या ईमेलमध्ये बारा दिवसांपासून पडून असल्याचे दिसले. शिवाय ज्या दोन विद्यापीठांचे अर्जशुल्क म्हणून माझ्याकडून रोख पैसे घेतले होते, त्यांचे अर्ज भरून तसेच ठेवलेले होते, शुल्क न भरल्यामुळे ते पुढे गेलेच नव्हते. उरलेल्या अर्जांतही तीच बनावट पत्रे असल्यामुळे ते मी स्वतः मागे घेतले. बनावट कागदाच्या आधारे व्हिसा मिळवल्याचे सिद्ध झाल्यास अमेरिकेत आयुष्यभर प्रवेशबंदी होऊ शकते, आणि त्या शिक्षेत कन्सल्टन्सी वाटेकरी नसते.

पुढच्या वर्षीचे अर्ज मी स्वतःच्या ईमेलवरून केले. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या ‘एज्युकेशनयूएसए’ या मार्गदर्शन केंद्रांत प्राथमिक माहिती विनामूल्य मिळते आणि मुंबईतही तशी सोय आहे, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. शुल्क वडिलांच्या कार्डावरून थेट विद्यापीठाला भरले. आमच्या दहापैकी सीजीपीएचे (सरासरी गुणांकाचे) चारच्या श्रेणीत रूपांतर करण्यासाठी कन्सल्टन्सीने वेगळे पैसे घेतले होते. अनेक विद्यापीठे मूळ श्रेणीतच गुण मागतात, हे त्यांच्या प्रवेशाच्या पानावरच लिहिलेले होते. विभागप्रमुखांची क्षमा मागायला गेलो, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी प्रकल्पाचा अहवाल मागून घेतला आणि महाविद्यालयाच्या ईमेलवरून पत्र स्वतः पाठवले.

पैसे परत मिळावेत म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पावतीवर फक्त ‘मार्गदर्शन शुल्क’ असे लिहिलेले आहे. कन्सल्टन्सीचे लेखी उत्तर आले, त्यात म्हटले आहे की अर्जाच्या शेवटी ‘वरील सर्व माहिती मी स्वतः दिली असून ती खरी आहे’ या प्रतिज्ञेखाली अर्जदाराचे नाव आहे, त्यामुळे शिफारसपत्रांशी त्यांचा काहीही संबंध नाही.