उबुंटू नको असेल तर जुन्या लॅपटॉपवर मिंट एक्सएफसीई टाका

बाबांचा लॅपटॉप चौथ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन नि टीपीएम २.० ही सिक्युरिटी चिप पाहिजे, म्हणजे धडधाकट मशीन फुकट भंगारात. म्हटलं हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकू आणि विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम बसवू.

लिनक्सचे प्रकार बरेच, पण लिनक्स म्हटलं की जो तो उबुंटू सांगतो. वाईट नाहीये, पण त्याचा डेस्कटॉप (समोर दिसणारा मेनू-खिडक्यांचा भाग) ग्नोम ४ जीबीत जडच जातो आणि फायरफॉक्ससुद्धा स्नॅप या उबुंटूच्या स्वतःच्या अ‍ॅप-पद्धतीतून देतात ते मला काही पटत नाही. फेडोरा झकास, पण एका व्हर्जनला जेमतेम १३ महिने सपोर्ट, बाबांच्या मशीनवर सारखं अपग्रेड करत कोण बसणार! एमएक्स लिनक्स पण हलकं आहे, मिंट नसतं तर तेच टाकलं असतं. मिंट २२ आतून उबुंटू २४.०४ च आहे, फक्त स्नॅप बंद करून दिलंय, आणि अपडेट २०२९ पर्यंत येत राहणार. एक्सएफसीई हा त्याचा हलका डेस्कटॉप.

पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून आधी वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं बघून घ्या, इन्स्टॉल नंतर. आमचं वायफाय काही दिसेना, मग मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने स्वतःच ड्रायव्हर सुचवला, रीस्टार्ट केलं की चालू. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडावंच लागलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते मराठी टायपिंग. कीबोर्डच्या लेआउटमध्ये इंडियन खाली मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड) आहेच, वेगळं काही डाउनलोड करायला नको. शिफ्ट जे, मग डी, मग स्लॅश, मग ई दाबलं की 'ऱ्या' येतं, आणि चंद्रकोरीसारखा अर्धा र नीट दिसतो, तुटत नाही. इनस्क्रिप्ट येत नसेल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममधून फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायची) घेता येतं, थोडी खटपट आहे पण होतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फायली मात्र लिबरऑफिसमध्ये अगम्य दिसतात, तो फॉन्ट आणून टाकला तरच वाचता येतात.

दिसायला एक्सएफसीई साधंच, कुणाला जुनाट वाटेल. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, बाबांना काही शिकवावं लागलं नाही. ८ जीबी असेल तर सरळ सिनॅमन डेस्कटॉपवालं मिंट घ्या, जास्त देखणं आहे. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी सुरू करा, अपडेटनंतर काही बिघडलं तर मागे जाता येतं, पण ते सिस्टिमचं बॅकअप आहे, फोटोंचं वेगळं घ्यायला लागतं.

ज्यांचं पोट टॅलीवर आहे किंवा फोटोशॉपशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी यात पडू नये, वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) नादाला लागून रात्री घालवण्यात मजा नाही. आणि प्रिंटर जुना असेल तर तो लिनक्सवर चालतो का ते आधी बघा, आमचा अजून रुसलेलाच आहे, सध्या प्रिंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून.