भाड्याचा पलंग, एअर बेड आणि कमोड चेअर: आमचा अनुभव

घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल तर साहित्य विकत घेण्याआधी भाड्याने आणा. आणि दुकानदार घर बघायला येतो का, हे आधी विचारा.

सासूबाईंची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली, बोलणंही गेलं. नातेवाईक नर्सिंग होम सुचवत होते. सासूबाईंनी मान हलवून ठाम नकार दिला आणि मला तो पटला. त्यांचं घर आहे, ठरवायचं त्यांनीच.

साताऱ्यातल्या ज्या दुकानातून आम्ही साहित्य आणलं, तिथल्या दादांनी आल्या आल्या टेप काढून न्हाणीघराचं दार मोजलं. २४ इंच. नेहमीची व्हीलचेअर दारातच अडली असती. त्यांनी अरुंद, लहान चाकांची कमोड चेअर, म्हणजे शौचाला बसायची खुर्ची दिली, तिचा एका बाजूचा हात काढता येतो. या हातासाठी मी दुकानाला पैकीच्या पैकी गुण देईन. पलंगाची आणि खुर्चीची उंची जुळवली की सासूबाईंना उचलावं लागत नाही, सरकवता येतं. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला लावायची आणि आधी ब्रेक, हेही दादांनीच करून दाखवलं. त्यामुळे सासूबाई डाव्या हाताने स्वतः जोर लावतात.

एअर बेडबद्दल मात्र गैरसमज नको. त्याचे कप्पे आलटून पालटून फुगतात, म्हणून एकाच जागी दाब राहत नाही. तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, माकडहाडावर आणि टाचांवर दाबाने जखम होत नाही ना, हे रोज बघावं लागतं. मायेने अंगाखाली गोधडी घातलीत तर बेडचा उपयोग गेला. एक पातळ सुती चादर पुरे. वीज गेली की मोटर बंद पडते, तेव्हा ती इन्व्हर्टरवर घ्या.

पलंगाच्या एका चाकाचा ब्रेक पकडत नव्हता. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला, पण असं चाक घरी पोचायलाच नको होतं. पडणारं माणूस आपलं असतं.

वय ६५ किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. सहायक साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये थेट खात्यात जमा करण्याची ती योजना आहे. पलंगाला ते पुरणार नाहीत, वॉकरसारख्या वस्तूला हातभार लागेल.

खुर्ची आम्ही आता विकतच घेतली, कारण ती लागतच राहणार. पलंग अजून भाड्याचा आहे. फिजिओथेरपीने सासूबाई बसू लागल्यात, तो परत करायची आशा आहे.