पैसा बेताचा असेल तर अर्ली की रेग्युलर?

अमेरिकेत बारावीतलं मूल घरात असलं की सप्टेंबरपासून एकच विषय चालतो: अर्ली डिसिजन टाकायचं का? म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असा करार. बऱ्याच खासगी कॉलेजांत त्याने प्रवेशाची शक्यता वाढते, डिसेंबरच्या मध्यात निकाल लागतो आणि जमलं तर बाकीच्या अर्जांची फीही वाचते. न्यू जर्सीत मुलीच्या वेळी आमचंही मन तिकडेच झुकत होतं.

घोडं अडलं ते नाशिकच्या फ्लॅटपाशी. राहतात माझे आई-वडील, कागदावर नाव आमचं. कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरने (मदत वजा जाता अंदाजे किती खर्च येईल ते सांगणारं ऑनलाइन साधन) झटपट एक आकडा दिला, पण त्यात हा फ्लॅट धरलेलाच नव्हता. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मदतीसाठी मागतात तो फॉर्म, भरताना मात्र तो मालमत्ता म्हणून दाखवावा लागला, तोही डॉलरमध्ये. विकायचा नाही, भाडं येत नाही, उलट दरमहा इथून पैसे जातात. कॉलेज हे कसं मोजणार, ते मदतीचं पत्र आल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आणि अर्ली डिसिजनमध्ये विद्यार्थी, पालक, काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या त्याच्या कितीतरी आधी होतात.

मदत खरोखर अपुरी असेल तर करारातून सुटता येतं, मान्य. पण अपुरी कशाच्या मानाने? हातात एकच पत्र, त्यात कर्जही 'मदत' म्हणून मिळवलेलं, आणि उत्तर द्यायला मोजके दिवस. मला ते काही पटेना.

रेग्युलरची, म्हणजे नेहमीच्या, बंधन नसलेल्या अर्जांची पत्रं साधारण मार्चअखेरपर्यंत येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचं असतं. आम्ही पत्रांतली कर्जं आणि वर्क-स्टडी (शिकता शिकता काम करून मिळवायचे पैसे) वजा करून नुसतं अनुदान शेजारी-शेजारी मांडलं, तर क्रमच उलटा झाला. एका कॉलेजला दुसऱ्याचं पत्र जोडून अपील केलं, तिथे रक्कम थोडी वाढली. सगळीकडे वाढेल असं नाही, पण डिसेंबरात जोडायला दुसरं पत्रच नसतं.

थांबायचा धीर नसेल तर अर्ली ॲक्शन आहे. लवकर निकाल, बंधन नाही. रटगर्ससारख्या राज्य विद्यापीठात त्यासाठी १ नोव्हेंबर गाठावी. मेरिटच्या, म्हणजे गुणवत्तेवर मिळणाऱ्या पैशांसाठीही तीच तारीख धरलेली बरी. प्रिन्स्टनचं अर्लीही बंधनकारक नाही, फक्त दुसऱ्या खासगी कॉलेजांत अर्ली टाकता येत नाही.

नुसता पगार, दुसरी मालमत्ता नाही, कॉलेज पूर्ण गरज भागवणारं आणि कॅल्क्युलेटरचा आकडा झेपणारा असेल, तर अर्ली डिसिजनला मी नाही म्हणणार नाही. पण गावाकडे घर, छोटा धंदा किंवा वर्षागणिक बदलणारी कमाई असेल, तर माझं झुकतं माप रेग्युलरलाच. एच-४ वरच्या (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलांना तर फेडरल मदत नाहीच, त्यामुळे त्यांचं सगळं कॉलेजच्या स्वतःच्या पैशांवर. तिथे एकाच पत्रावर विसंबणं मला आणखी अवघड वाटतं.