फिशफाइंडर मध्येच बंद पडतो: वायर बदलावी, वेगळी बॅटरी घ्यावी की लिथियम?

पुण्यात राहून सुटीच्या दिवशी भिगवणकडे, उजनीच्या फुगवट्यावर बोट काढणाऱ्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. घरी टेबलावर फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणारं यंत्र, संध्याकाळभर छान चालतो. बोटीत बसवला की ऐन वेळी पडदा काळा होतो आणि कंपनीचं चिन्ह दाखवत पुन्हा सुरू होतो. मग कुणी सांगतं बॅटरी बदला, कुणी म्हणतं मशीनच गेलं. मी स्वतः आधी बॅटरी बदलली. पैसे गेले आणि आजार तसाच राहिला. म्हणून पर्यायांकडे वळण्याआधी एक विनंती: तुमचा फिशफाइंडर नेमका कधी बंद पडतो, ते दोन-तीन फेऱ्यांत नीट पाहा. निर्णय त्यावरच ठरतो.

इंजिन आणि फिशफाइंडर एकाच बॅटरीवर असतील आणि सेल्फ मारताच तो बंद पडत असेल, तर कारण बॅटरीत आहे. स्टार्टर एका झटक्यात शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त अँपिअर ओढतो. साडेबारा व्होल्टची चांगली बॅटरीही त्या क्षणी दहाच्या आसपास येते, जुनी असेल तर आणखी खाली. बारा व्होल्टवर चालणारी बरीच यंत्रं दहाच्या खाली तग धरत नाहीत. पण इंजिन आधीच चालू असताना, लाटेच्या हादऱ्याने किंवा पडद्याचा उजेड वाढवल्यावर बंद पडत असेल, तर दोष वायरीत, फ्यूज होल्डरमध्ये नाहीतर चिमट्यात आहे. तिथे कितीही महागडी बॅटरी लावली तरी उपयोग नाही.

हे तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. फक्त मोजताना यंत्र चालू हवं, आणि मोजायचं यंत्राच्या टोकाला. इथेच बहुतेकांची चूक होते. प्लग काढून मोजलं की मीटर १२.६ दाखवतो आणि आपण वायर ठीक आहे असं समजतो. प्रवाहच वाहत नसेल तर गंजलेला सांधाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. समजा फ्यूज होल्डरच्या हिरव्या पडलेल्या पत्तीत दोन ओहम रोध तयार झालाय. यंत्राने एक अँपिअर घेतला की तिथेच दोन व्होल्ट जातात. माझ्या बोटीत तेच होतं. बॅटरीच्या खांबांवर १२.५, यंत्रापाशी १०.३. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी यंत्राच्या प्लसवर ठेवली तर मधे किती व्होल्ट हरवले ते थेट दिसतं. मायनसच्या बाजूनेही हेच करा. ती बाजू लोक विसरतात.

आता पहिला पर्याय, नवी वायर. खर्च सर्वांत कमी, कष्ट सर्वांत जास्त. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत वायर, लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), फ्यूज होल्डर आणि हीट श्रिंक नळी (गरम केली की जोडावर आवळून बसणारी) मिळून जाते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या पातळ वायरीचे पाच मीटर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, एका अँपिअरला साधारण ०.४ व्होल्ट खातात. अडीचची वायर तेवढ्याच अंतरात ०.१ च्याही आत राहते. कथिलाचा मुलामा असलेली वायर मिळाली तर तीच घ्या, ओलाव्यात ती जास्त टिकते. जोड पिळून टेप गुंडाळू नका, लग दाबून बसवा. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून हातभर अंतराच्या आत हवा आणि यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्याच अँपिअरचा हवा. फायबरच्या बोटीत शॉर्ट झालेल्या वायरीची आग विझवायला वेळ मिळत नाही, म्हणून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. दोरीने ओढून सुरू करायचं इंजिन असेल, तर बहुधा एवढ्यावरच काम भागेल.

सेल्फवालं इंजिन असेल तर फिशफाइंडरला वेगळी बॅटरी हवीच. इथे खरी निवड दोघींत आहे: यूपीएसमध्ये असते ती सीलबंद १२ व्होल्ट ७ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता), किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटची.

सीलबंद बॅटरी स्वस्त, कुठेही मिळणारी आणि साध्या चार्जरवर चालणारी. पण वजन दोन किलोच्या वर, आणि सातातले साडेतीन-चार एएचच वापरावेत. रोज तळाला नेली तर लवकर मरते. पाऊण अँपिअर घेणाऱ्या पाच इंची यंत्राला ते चार-पाच तास पुरतं. तिचा मोठा दोष मात्र वेगळा आहे. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. रविवारी रात्री दमून घरी आलात आणि चार्जिंग पुढच्या शनिवारवर ढकललंत, तर पावसाळा संपेपर्यंत बॅटरीही संपलेली असते.

लिथियम किमतीला साधारण दुप्पट-तिप्पट, पण वजन निम्म्याहून कमी आणि जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते. व्होल्टेज शेवटपर्यंत तेराच्या आसपास टिकतं, त्यामुळे पडदा मंदावत नाही. मात्र संपते ती एकदम. आतलं सर्किट सूचना न देता पुरवठा तोडतं. म्हणून व्होल्टेज पाहून अंदाज बांधू नका, किती तास चालवली ते लक्षात ठेवा. चार्जरही तिचाच हवा. सल्फेट काढण्याची सोय असलेले जुने चार्जर तिला जास्त व्होल्टेजचे झटके देतात.

बोट भिगवणला आणि चार्जिंगचा प्लग पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावर, अशी माझ्यासारखी स्थिती असेल तर मी लिथियमच घ्या म्हणेन. शंभर किलोमीटर नेआण आणि जिना, दोन्हीत वजनाचा फरक जाणवतो, आणि एखाद्या आठवड्यात चार्ज करायचं राहिलं तरी ती माफ करते. बोटीपाशीच वीज असेल आणि रोज संध्याकाळी चार्जर लावणारं माणूस असेल, तर सीलबंद बॅटरीत काही वाईट नाही. उरलेले पैसे वायरीत घाला.

पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा येत असतील, यंत्र बंद पडत नसेल, तर हा सगळा खर्च थांबवा. आधी सेन्सरची केबल ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवणाऱ्या विजेवरच्या छोट्या मोटरच्या) वायरीपासून दूर, बोटीच्या दुसऱ्या कडेने नेऊन पाहा.